ही ओळ गाळ

मु. सोनखेडी, पो. जानेफळ,
ता. मेहकर, जि. बुलढाणा
२० जून १९६३

चि. हिंमतराव जावईबापू यांस,

तुळशीराम मास्तराचे अनेक आशीर्वाद. वाचणार विमल आणि ऐकणार तुम्ही, हे धरूनच लिहितो आहे. विमल, सावकाश वाच. बाळ रडत असेल तर आधी त्याला घे, पत्र कुठं पळून जात नाही.

तुम्ही मे महिन्यात विमल, बाळ आणि भामी यांना शेगावला घेऊन गेलात, त्यानंतर पोचल्याचं कार्ड नाही. मी समजून घेतलं की दुकानात गर्दी असणार. देवाच्या दारात नारळ-फुटाण्याचं दुकान मांडल्यावर माणसाला सवड कसली! तरी म्हटलं आपणच लिहावं. पहिलं पत्र मुलीच्या बापानं लिहायचं असतं. उत्तर आलं नाही तर दुसरंही त्यानंच लिहायचं असतं.

अंगणात तुम्ही जे बोललात ते मला शब्दन् शब्द आठवतं. माझे दात गेले, गुडघे गेले, कान तेवढे राहिले. तुम्ही म्हणालात, "मामाजी, सालभर पोरगी हेडमास्तराच्या घरी राह्यली अन् तिले अ काढता येत नाई. नुसती चिंचोके मोजून राह्यली! चिंचोके मोजाले शाळा कायले पायजे? थे तं बकरीबी करते."

बकरी चिंचोके मोजत नाही, खाते, हे तेव्हाच तोंडात आलं होतं. तुमचा चेहरा पाहून गिळलं. चार पोरं शिकवणं सोपं, जावयाला एक गोष्ट सांगणं कठीण. तुमच्यासमोर मी हेडमास्तर नाही, हात जोडलेला सासरा आहे. पण पत्रात हात मोकळे असतात, म्हणून इथं सांगतो.

भामीचं नाव मी शाळेत घातलं नाही यावर तुमचा खरा राग आहे. आपल्याकडं कुठल्या आईला जन्मतारीख ठाऊक असते? 'तुरी काढत होतो तेव्हा झालं' एवढंच सांगतात. म्हणून मीही सगळ्या मास्तरांसारखा पोराला उजवा हात डोक्यावरून घ्यायला लावतो. बोटं डाव्या कानाला लागली तर नाव घालतो. नाही लागली तर पुढल्या वर्षी आणा म्हणतो. भामीची बोटं भांगापाशीच थांबत होती. हेडमास्तराची नात म्हणून तिला आत घेतली असती तर दुसऱ्या दिवशी पाटलांनी पाळणा उचलून आणला असता. म्हणून ती बिननावाची, आपल्या मर्जीनं येऊन बसायची.

आणि बसून काय करायची? तर ऐकायची आणि बोलायची. माझ्या पहिलीत दिवाळीपर्यंत पाटीवर रेघ नाही, बिननावाच्या पोराला तर त्यानंतरही नाही. आधी कान, मग तोंड, हात सगळ्यांत शेवटी. सकाळी आमचा बाजार भरतो. प्रत्येकानं घरून काहीतरी आणायचं, वांगं म्हणा, मोराचं पीस म्हणा, बैलाच्या गळ्यातलं तुटकं घुंगरू म्हणा. आणि ते विकायचं. विकायचं म्हणजे त्याची हकिगत सांगायची. गिऱ्हाइकं प्रश्न विचारतात, चिंचोके देऊन माल घेतात. 'मले' म्हटलं म्हणून कुणी पोराला अडवत नाही. पुस्तकाची भाषा मागून येते. पाव्हणी आहे ती, तिला घरची माणसं आधी भेटली पाहिजेत. भामीनं एकच मेलेला भुंगा निरनिराळ्या हकिगती सांगून तीनदा विकला. तुमचंच रक्त आहे, जावईबापू. धंदा कुठं जातो?

साहेब तपासणीला आले तेव्हा म्हणाले, "मास्तर, पाट्या कोऱ्या का?" मी म्हटलं, "पाट्या कोऱ्या आहेत साहेब, पोट्टे नाहीत." ते हसले. शेरा मात्र लिहायचा तो लिहिला.

मी स्वतः असाच शिकलो. माझा बाप कडूबा माळी जानेफळच्या बाजारात वांगी विकायचा. उन्हात बसवायला नको म्हणून मला टोपलीसकट शाळेच्या भिंतीच्या सावलीला ठेवायचा. आत पाढे चालायचे, बाहेर मी वांगी राखायचो. एक दिवस आतलं पोर अडलं आणि मी बाहेरून पुढचा आकडा बोललो. मास्तर दारात आले. "भित काऊन बोलून राह्यली बे?" म्हणाले. त्या भिंतीचाच पुढं हेडमास्तर झाला.

विनंती एकच. दिवाळीपर्यंत भामीला आमच्याकडं पाठवा. त्यानंतर तुम्ही म्हणाल ते.

विमल, ही ओळ गाळ, तुझ्यासाठी आहे: हे माझ्याशी बोलत नसले तरी तू दोन शब्द टाक. तुझी आई जेवताना दाराकडं बघते. हं, आता पुढं वाच.

बाळाला आणि भामीला पापा. विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
तुळशीराम कडूबा


सोनखेडी,
१ सप्टेंबर १९६३

चि. हिंमतराव जावईबापू यांस,

अनेक आशीर्वाद.

आमचा शेजारी कारभारी दर महिन्याला महाराजांच्या दर्शनाला येतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. परवा परत आला तो थेट शाळेत. "मास्तर, तुमची नात लय हुश्शार झाली जी! दुकानात स्टुलावर उभी राह्यते अन् घडघडा पाढे म्हनते. बाप म्हनते, 'हं, पुढं?' का पोरगी पुढं. लोकं नारळ घ्याचे राहून जाते अन् तिच्याकडंच पाहते."

मला आनंद झाला. खोटं लिहीत नाही. आपल्या घरचं पोर गर्दीत उभं राहून बोलतं म्हटल्यावर कुणाला होणार नाही? मी कारभाऱ्याला चहा पाजला आणि विचारलं, "बोलली काय रे तुझ्याशी?"

"सांगतलं ना जी. तीसपर्यंत!"

"पाढे नव्हे. बोलली काय? कारभारीबाबा कवा आले, आजी कशी हाये, असं काही?"

तो पागोटं वर करून डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, "गर्दी होती जी."

गर्दी असणारच.

तुम्हाला एक हकिगत सांगतो, कंटाळा आला तर विमलला थांबवा. यंदा पहिलीत जनका नावाची पोर आहे. जूनपासून तोंडातून शब्द नाही. बाजारात रोज एकच खडा घेऊन यायची, नदीतला, गुळगुळीत, अंड्याएवढा. पुढ्यात ठेवायची आणि बसायची. पोरं विचारायची, केवढ्याले? ही गप्प. आमचे नवे मास्तर म्हणाले, "गुरुजी, मुकी असावी. उभी करून विचारू का?" मी म्हटलं, "ती मुकी नाही. मी गोष्ट सांगताना चुकलो की तिच्या भुवया हलतात. ऐकते आहे. ऐकणं भरू द्या."

पोळ्याच्या आधी एका पोरानं पिशवीभर चिंचोके तिच्यापुढं ओतले आणि खडा उचलला. तेव्हा जनका बोलली. "ठेव. हा इकाचा नाई."

सगळा वर्ग बघत राहिला. तिला जुलैत उभी करून बोल म्हटलं असतं, तर ती काही ना काही बोलली असती हो. पोरं घाबरली की बोलतात. पण ते बोलणं तिचं नसतं, आपलं असतं, आपण तिच्याकडून परत घेतलेलं.

हे मी तुम्हाला शिकवायला लिहीत नाही. तुम्ही रिकाम्या हातानं शेगावात उतरून दुकान उभं केलंत, तुम्हाला मी काय शिकवणार? विमल सातवी पास, तुम्ही शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, आणि तरी मी मुलगी दिली. आमच्या लोकांनी तोंडात बोटं घातली होती. मी म्हटलं, कागद काय पाहता, माणूस पाहा. आजही म्हणतो.

विमल, ही ओळ गाळ: भामी झोपेत बोलते का अजून? इथं असताना भुंग्याशी भांडायची. तेवढंच कळव.

दिवाळीला सगळ्यांना घेऊन यावं. तुमच्या सासूनं आत्तापासून मूगदाण्याच्या लाडवांचं काढलं आहे. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत ते मीच संपवीन.

आपला,
तुळशीराम


सोनखेडी,
५ नोव्हेंबर १९६३

चि. हिंमतराव जावईबापू यांस,

अनेक आशीर्वाद.

दिवाळीला तुम्ही कुणी आला नाहीत, म्हणून मीच लाडवांचा डबा घेऊन दर्शनाचं निमित्त काढून आलो. तुम्ही मानपान केलात, गादीवर बसवलंत, जेवताना स्वतः वाढलंत. कशातच कमी केली नाही. म्हणूनच तिथं बोलता आलं नाही. ज्याच्या ताटात तूप पडलं त्याची जीभ जड होते.

मी आलो तेव्हा लगेच पुढं झालो नव्हतो, हे तुम्हाला सांगायला हवं. गर्दीमागं उभा होतो. भामी स्टुलावर होती. नवा झगा, लाल रिबिनी. सत्तावीसचा पाढा चालला होता. तुमच्या एका हातात नारळ, दुसऱ्या हातानं गिऱ्हाइकाचे पैसे घेत होतात, आणि न बघता म्हणत होतात, "हं, पुढं?" एकही आकडा चुकला नाही. मी कान देऊन ऐकत होतो, चुकावा म्हणून नव्हे. प्रत्येक 'पुढं'नंतर ती छोटा श्वास आत ओढत होती, पाण्यात बुडी मारण्यापूर्वी ओढतात तसा.

मग तिनं मला पाहिलं. मला वाटलं, आता 'आबा' म्हणून उडी टाकेल. तिनं उजवा हात डोक्यावरून घेतला आणि डाव्या कानाला लावून दाखवला. माणसं हसली. तुम्ही मला पाहून खूष झालात. "पाहा मामाजी, लागला का नाई कानाले? रोज सकाळी तेल लावून ओढतो. आता कोण म्हनते नाव घालत नाई म्हून!"

बोटं लागली होती खरी. पण मान वाकडी झाली होती. हात कानाकडं गेला नव्हता, कान हाताकडं आला होता. हात वाढून लागावा लागतो, जावईबापू. ओढून लागला तर तो फक्त बघणाऱ्यासाठी लागतो. हे मी तिथंच म्हणणार होतो.

म्हटलं नाही, त्याचं कारण तुमच्या मातोश्री. संध्याकाळी मागच्या पायरीवर झुंबरबाई वाती वळत होत्या, मी शेजारी टेकलो. त्यांच्यावर रागावू नका, मीच विषय काढला. म्हटलं, विहीणबाई, एवढी घाई कशाची? त्या म्हणाल्या,

"मास्तर, घाई नाई जी. भेव हाये. ह्या हिंमतले त्याच्या बापानं असाच शाळेत नेला होता. नवी टोपी घालून. हात कानाले पुरला नाई. मास्तरनं सांगतलं, पुढच्या साली आन. पुढच्या साली याचा बाप गेला अन् हा ढोराईमांगं गेला. थे पुढचं साल आलंच नाई, मास्तर. टोपी उंदरानं खाल्ली."

ते गाव माझं नव्हतं. तो मास्तर मी नव्हतो. पण वाक्य माझं होतं. मी ते दर जूनला म्हणतो, हसत म्हणतो, पोराच्या गालाला हात लावून म्हणतो. आई-बाप पोराला घेऊन परत जातात आणि मी वळून आत येतो. त्यांतल्या कुणाचं पुढलं साल आलं नाही, हे मी कधी मोजलं नाही.

तेव्हा तुमच्याशी वाद घालायला माझ्याकडं आता काही नाही. पोरांना वाट पाहू द्या असं म्हणणारा मी, आणि वाट पाहण्यात ज्याचं सगळं गेलं ते तुम्ही. दुपारच्या वेळी तरी तिला स्टुलावरून उतरवत जा, एवढंच मागतो. गिऱ्हाईक नसतं त्या वेळी. तिला काही विचारू नका. नुसती बसू द्या.

विमल, ही ओळ गाळ आणि मनात ठेव: यांनी पोरीचा पोपट केला आहे. नारळाच्या ढिगाशेजारी तीही विकायला मांडली आहे. ज्याला स्वतःला अक्षर आलं नाही त्याच्या हातात अक्षर म्हणजे काठी. कसंही करून तिला इकडं पोचव, विहीणबाईंच्या पडसाचं निमित्त कर, माझ्या मरणाचं कर, पण पोचव. आता पुढं वाच.

लाडवांचा डबा परत पाठवायची घाई नाही.

आपला,
तुळशीराम


सोनखेडी,
१९ जानेवारी १९६४

चि. विमल हिस,

हे पत्र टपालानं नाही, कारभाऱ्याच्या हातानं पाठवतो आहे. त्याला बजावलं आहे की विमलच्या हातात दे, आणि ती एकटी असेल तेव्हा दे. तो विचारत होता, "का झालं जी मास्तर, चोरीचं हाये का?" मी म्हटलं, होय, चोरीचंच. वाचून झालं की चुलीत घाल.

संक्रांतीआधी तुझं पत्र मिळालं. इतक्या महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं आणि आधी आनंदच झाला, वाचायच्या आधी.

माझं मागचं पत्र तू वाचलंच नाहीस हे मला कोण सांगणार होतं? तू लिहितेस, बाळाला ताप होता, तू आत होतीस, पत्र आलं. यांनी भामीला हाक मारली आणि म्हणाले, आबाचं पत्र आलं, वाच. आणि ती वाचायला लागली, बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडून. अक्षरं तूच घोटून घेतली होतीस, यांच्या हट्टापायी. हेही लिहितेस की यांचे डोळे भरून आले होते. घरात पहिल्यांदा यांचं स्वतःचं कुणीतरी यांना वाचून दाखवत होतं. बायको वाचते ते वेगळं, ती मास्तराची पोर. ही यांची.

ती सगळं वाचत गेली. स्टूल, मान, टोपी, ढोरं, सगळं. आणि मग 'विमल, ही ओळ गाळ' हेही तिनं वाचलं, आणि पुढची ओळ वाचली.

तिला वाचता येतं गं, गाळता येत नाही. गाळणं कुणी शिकवलंच नव्हतं. ते शेवटी येतं, ते ज्याला आपलं आपण कळतं त्याला येतं.

तू पिठाचे हात घेऊन धावलीस, तोवर ती नारळाच्या ओळीपुढं गेली होती. हे मारतील असं तुला वाटलं. मारलं नाही. म्हणाले, "परत वाच." तिनं परत वाचलं. "परत." तिसऱ्यांदा वाचलं. "हं, पुढं?" पुढं लाडवांचा डबा आणि माझी सही होती, तीही तिनं वाचली. मग हे उठले, दुकानाच्या फळ्या लावल्या आणि जेवले नाहीत.

त्या दिवसापासून ती वाचते, पाढे म्हणते, पण बोलत नाही. तहान लागली तर माठाकडं बोट दाखवते. मी विचारलं होतं ना, झोपेत बोलते का? तू लिहिलंस, झोपेत पाढे म्हणते. मी न विचारतो तर बरं होतं.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन आलो तेव्हा तुला आणि मला कुणी एकटं सोडलं नाही. तुझ्या सासूबाई मुद्दाम नाही, आपल्या सहज बसल्या होत्या. तुला माहीत नाही ते सांगतो. दुकानात गादीवर बसवून, चहा हातात देऊन हिंमतराव मला म्हणाले, अगदी हळू, आवाज न चढवता,

"मामाजी, मी पोरीचा पोपट केला म्हंता. असंन. पन माह्या पोपटाले कोनी शाळेच्या दारातून वापस लावनार नाई."

मी म्हटलं, "जावईबापू, ती ओळ मी तुमच्यासाठी लिहिली नव्हती."

"मले मालूम हाये ना. मास्तर लोकं माह्यासाठी कवा लिहतात? ज्याले वाचता येत नाई त्याच्या देखत काईबी लिहता येते." मग चहाकडं बोट दाखवून म्हणाले, "घ्या, निवून राह्यला."

मी चहा प्यालो. दुसरं काय करणार होतो?

मग त्यांनी भामीला हाक मारली. तिळगुळाची पुडी ज्या वर्तमानपत्रात बांधली होती तो कागद सरळ करून दिला. तिनं वाचला. मंत्र्यांचं भाषण होतं, कापसाचे भाव होते. "हं, पुढं?" कागद फाटला होता तिथं शब्द अर्धा होता, तो तिनं अर्धाच वाचला आणि थांबली. मला नमस्कार केला. हात डोक्यावरून घेऊन कानाला लावला आणि आत गेली. मी हात पुढं केला होता तो तसाच राहिला.

निघताना म्हणाले, "पत्र लिहत राहा, मामाजी. थांबवू नका. तुमचं अक्षर गोल हाये, पोरीचा सराव होते." टोमणा नव्हता त्यात, मी कान देऊन ऐकलं. खरंच म्हणत होते.

एस.टी.त बसल्यावर मला एक युक्ती सुचली. मी जे लिहीन तेच ती म्हणणार आहे. मग मी लिहावं, 'बाबा, मला खाली उतरवा. बाबा, मला आबांकडं जायचं आहे.' ती वाचेल, तिच्या आवाजात, तिच्या तोंडानं, आणि ते त्यांच्या कानावर पडेल. बापाचं काळीज आहे, हलेलच. बाजारात वांगी राखून मोठा झालेल्या माणसाला अशा युक्त्या सुचतात. खामगाव येईपर्यंत मी सगळी वाक्यं जुळवली होती, 'बाबा' किती वेळा घालायचं तेसुद्धा.

खामगावला गाडी बदलताना एक बाई आपल्या पोराला सांगत होती, "म्हन, कंडक्टर मामा, मले खिडकी द्या." पोर तिच्याकडं बघून, तिच्यासारखाच गळा काढून तेच म्हणालं. सगळे हसले. माझी सगळी वाक्यं तिथंच राहिली. तिच्या तोंडात मी माझे शब्द घातले तर हिंमतराव आणि मी वेगळे कसे? त्यांच्याकडं निदान भीती आहे. माझ्याकडं तर शहाणपण आहे, आणि तरी मी तेच करणार होतो.

पत्र थांबवावं, तर ती पुड्यांचे कागद वाचेल. आणि तुझ्या घराचं तेवढंच दार मला उघडं आहे, ते मी आपल्या हातानं लावू? चालू ठेवावं, तर मी लिहिलेला प्रत्येक शब्द म्हणजे तिच्यासाठी स्टुलावर आणखी थोडा वेळ. इकडं साठ-सत्तर पोरं मला 'गुरुजी' म्हणतात. त्यांची आई-बापं बांधावरून हाक मारून विचारतात, मास्तर, पोरगं बोलत नाही, काय करू? मी सांगतो, काही करू नका, ऐका. विमल, इथून शेगावचं मला काही ऐकू येत नाही.

एक मात्र ठरवलं. येत्या जूनला ज्याची बोटं भांगाशी थांबतील त्याच्या बापाला मी 'पुढल्या वर्षी आणा' म्हणणार नाही. 'आज ठेवून जा' म्हणेन. नाव घालीन की नाही ते वेगळं. हे हिंमतरावांना सांगू नकोस. त्यांना ते फार उशिराचं वाटेल, आणि बरोबरच वाटेल.

तू त्यांच्याशी भांडू नकोस. भामीला उगाच बोलतं करायला जाऊ नकोस. माठाकडं बोट दाखवलं की पाणी दे, विचारू नकोस.

मी आता भामीलाच लिहीन, थोडं थांबून. एकही जोडाक्षर घालणार नाही, म्हणजे तिला लवकर उरकता येईल. तू मधे पडू नकोस, तिला वाचू दे. त्या पत्रात तुझ्यासाठी ओळ नसेल.

तुझा,
बाबा


सोनखेडी
८-३-६४

भामी,

मी आबा. हा कागद तुझा आहे.

आपली शेळी वियाली. दोन पिलं झाली. एक काळं, एक पांढरं. काळं सारखं उडी मारतं. पांढरं आजीचा पदर खातं. आजी रागावते, पण काठी उचलत नाही.

चिंचा पिकून खाली पडतात. मुलं वेचतात. तुझे चिंचोके पिशवीत आहेत. पिशवी खुंटीला आहे. मी कुणाला देत नाही.

शाळेत रोज बाजार भरतो. जनकाला मी तुझी जागा दाखवली. आता ती राखते. तिथं ती खडा ठेवते. कुणी बसायला आलं, तर सांगते, ही भामीची आहे.

काल एक भुंगा आला होता. जिवंत होता. मी विकला नाही. उडून गेला.

मला काही विचारायचं नाही.

इथवर वाचलंस. पुरे. आता खाली उतर.

बाबांनी विचारलं, पुढं? तर कागद उलटा करून दाखव. मागं कोरं आहे.